हात धुण्याच्या रांगेतला चावा: कोल्हापुरातील एका बालवाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या कुटुंबांची जी वस्ती वाढली आहे, तेथील एका खासगी बालवाडीतील हे प्रकरण आहे. मुलाची आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून कोणाचेही नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. मात्र ज्या गोष्टींवर वर्तनाचा उलगडा अवलंबून आहे त्यांना हात लावलेला नाही.

जूनमध्ये लहान गटात दाखल झाला तेव्हा हा मुलगा तीन वर्षे दहा महिन्यांचा होता. सुरुवातीचे काही आठवडे रडण्यात गेले, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. जुलैच्या मध्यावर त्याने शेजारच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला. त्यानंतर चावणे, ढकलणे आणि पुढच्याचा शर्ट ओढून खाली पाडणे हे इतके नेहमीचे झाले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दातांचे वळ उमटलेल्या एका हाताचा फोटो आला, आणि अशा मुलाला वर्गात ठेवू नये अशी मागणी दोन कुटुंबांनी केली. बालवाडीच्या मुख्याध्यापिकांनी मला सल्ल्यासाठी बोलावले ते या टप्प्यावर.

तोपर्यंत कारणमीमांसा तयारच होती. वर्गाच्या बाईंच्या मते मूल 'हायपर' होते. मुख्याध्यापिकांच्या मते हा सगळा मोबाइलचा प्रताप होता. तक्रार करणाऱ्या पालकांच्या मते घरचे वळण बरोबर नव्हते. आईचे म्हणणे एवढेच होते, "बाई, घरात असलं काय करत न्हाई त्यो." यातली पहिली तीनही कारणे मुलात किंवा त्याच्या घरात होती, बालवाडीची सकाळ कशी जाते याचा उल्लेख कोणाच्याच बोलण्यात नव्हता. आईच्या वाक्याकडे सर्वांनी आईची माया म्हणून पाहिले, पण ते वाक्य ही एक माहिती होती. घरी न दिसणारे वर्तन बालवाडीत दिसत असेल, तर बालवाडीत असे काय आहे जे घरी नाही, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

वर्ग आणि त्याची सकाळ

लहान गटात 24 मुले, एक बाई आणि एक मावशी. मावशी दोन गटांत वाटलेल्या, त्यामुळे प्रत्यक्षात बराच वेळ बाई एकट्याच असत. केंद्र सरकारच्या 2013 च्या बालसंगोपन व बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 20 मुलांमागे एक प्रौढ, तसेच 30 मुलांच्या गटाला किमान 35 चौरस मीटरची खोली आणि किमान 30 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. या बालवाडीची खोली त्या मापात बसत होती. अंगणही होते, पण त्याच्यावर छप्पर नव्हते. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या अंगणाचे पावसाळ्यात काय होते ते सांगायला नको. खोलीवर पत्रा होता. सर जोराची आली की बाईंना आवाज चढवावा लागे, बाईंचा आवाज चढला की मुलांचा चढे, आणि सर ओसरल्यावरही तो लगेच खाली येत नसे.

वेळापत्रक असे होते. नऊ वाजता प्रार्थना आणि हजेरी, त्यानंतर पाटीवर व वहीत अक्षरे गिरवणे, मग इंग्रजी मुळाक्षरे आणि अंक, मग बसूनच म्हणायची गाणी. साडेदहाला हात धुण्यासाठी रांग, पावणेअकराला डबा, आणि डब्यानंतर खेळ. म्हणजे पाऊस नसेल तर अंगणात, आणि असेल तर पुन्हा सतरंजीवर गोष्ट. बारा वाजता शाळा सुटे. पावसाळ्याच्या दिवसांत तीन तासांपैकी जवळपास सगळा वेळ मुले बसलेली असत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एकूण 180 मिनिटे हालचाल मिळायला हवी आणि त्यातली निदान 60 मिनिटे धाप लागेल अशा खेळाची हवीत. ती सगळी बालवाडीनेच द्यावीत असे नाही. पण सकाळचे तीन तास त्यात जवळजवळ शून्याची भर घालत असतील, तर उरलेल्या दिवसावर सगळा भार पडतो, आणि या मुलाच्या बाबतीत उरलेला दिवस कसा होता ते पुढे येईलच.

गिरवण्याच्या तासाबद्दल येथेच सांगते. तो पालकांच्या आग्रहाने ठेवलेला होता, कारण वही भरलेली दिसली की फी वसूल झाल्यासारखे वाटते. ज्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे मुलाच्या हाताला आणि निवडीला वाव देणारे बालशिक्षण उभे केले, त्याच महाराष्ट्रात पावणेचार वर्षांच्या मुलाला तासभर 'अ' गिरवायला लावणे ही खेदाची गोष्ट आहे. पायाभूत स्तरासाठी 2022 मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळालाच मध्यभागी ठेवले आहे.

नोंदी काय सांगत होत्या

बाईंना मी एकच काम सांगितले: प्रत्येक घटनेची एका ओळीत नोंद. किती वाजता, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले. शेवटी एक रकाना जास्तीचा होता: सकाळी मुलाला सोडायला कोण आले. 'मस्ती केली', 'त्रास दिला' असे शब्द वापरायचे नाहीत, जे डोळ्यांना दिसले तेच लिहायचे, एवढीच अट. बाईंनी सुरुवातीला नाराजीनेच वही हातात घेतली, आणि 24 मुले सांभाळणाऱ्या बाईंची नाराजी समजण्यासारखी होती.

काही आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर पहिली गोष्ट जी दिसली ती वेळेची. बहुतेक घटना साडेदहा ते पावणेअकरा यांच्या दरम्यानच्या होत्या. गिरवताना तो कंटाळे, पाटी पालथी घाली, पण कोणाला चावत नसे. गाण्यांत तर तो रमे. डबा खाताना शांत असे. चावे होते ते हात धुण्याच्या रांगेत.

ती रांग मी स्वतः उभे राहून पाहिली. व्हरांड्याच्या टोकाला एक नळ, त्याच्याखाली मुलांच्या उंचीची सिमेंटची मोरी. मुले एकामागे एक, मागच्याचे हात पुढच्याच्या खांद्यावर, 'गाडी' करून उभी. नळाशी बाई. एका मुलाला अर्धे मिनिट धरले तरी शेवटच्या मुलाची पाळी बारा मिनिटांनी येते, आणि कोणी बाह्या भिजवल्या किंवा साबण खाली पाडला की त्याहूनही उशिरा. रांग उंचीप्रमाणे लावली जाई. हा मुलगा वयाच्या मानाने उंच, त्यामुळे तो रोज शेवटचा किंवा शेवटून दुसरा. शेवटचे मूल म्हणजे नळापासून, बाईंपासून आणि बाईंच्या नजरेपासून सर्वांत लांब असलेले मूल. त्या दिवशी पहिली काही मिनिटे तो नीट उभा होता. मग त्याने पुढच्या मुलाच्या खांद्यावरचे हात काढून स्वतःच्या चड्डीच्या खिशात घातले. मग भिंतीला डोके टेकले. पुढच्या मुलाचा कोपर त्याच्या छातीला लागला तेव्हा त्याने तो हाताने बाजूला केला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा पुन्हा बाजूला केला, या वेळी जरा जोरात. तिसऱ्यांदा लागला तेव्हा चावला. बाईंना दिसले ते फक्त शेवटचे, कारण त्या वेळी त्या दुसऱ्या मुलीच्या बाह्या वर करत होत्या.

स्वतःला आवरण्याची, थांबण्याची, मनात आलेली क्रिया रोखून धरण्याची क्षमता तीन ते पाच या वर्षांत वेगाने वाढत असली तरी ती अजून कच्ची असते, आणि थकवा, भूक व गोंगाट यांनी ती सर्वांत आधी कोलमडते. त्या मुलाने दोनदा स्वतःला आवरले होते. कोणाच्याही नोंदीत ते आवरणे आले नव्हते.

दुसरी गोष्ट दिसली ती 'त्यानंतर काय झाले' या रकान्यात. चावल्यावर त्याला मुख्याध्यापिकांच्या खोलीत नेऊन बसवण्याची पद्धत होती. ही शिक्षा आहे असे सर्वांना वाटत होते. त्या खोलीला पत्रा नव्हता, स्लॅब होता. तेथे गोंगाट नव्हता, रांग नव्हती, कोपर लागत नव्हता, आणि मुख्याध्यापिका मनाने मऊ असल्याने थोड्या वेळाने कागद व खडूही मिळत. नोंदवहीत दोन ठिकाणी बाईंनी लिहिले होते, "ऑफिसमध्ये बाकावर झोपला." म्हणजे नको असलेल्या जागेतून सुटका आणि हव्या असलेल्या जागी प्रवेश, असा दुहेरी लाभ त्याला चाव्याने मिळत होता. मुलाने हे डोके लढवून ठरवले असे मुळीच नाही. ज्या कृतीनंतर सुटका होते ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हे वर्तनाबद्दलचे साधे आणि जुने निरीक्षण आहे, आणि ते लहान मुलांइतकेच मोठ्यांनाही लागू पडते.

तिसरी गोष्ट मावशींच्या लक्षात आली. घटना सर्व आठवड्यांत सारख्या पसरलेल्या नव्हत्या. एखादा आठवडा जवळजवळ कोरा जाई, आणि पुढचा भरून येई. वही चाळताना त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "बाई, ह्या आठवड्यात पप्पाच सोडायलेत रोज. नाईटला असणार." मावशींच्या स्वतःच्या घरात फौंड्रीत काम करणारी माणसे आहेत, म्हणून त्यांना हे दिसले. रात्रपाळी संपवून आलेला बाप अंघोळ करून मुलाला सोडतो आणि मग झोपतो, सकाळच्या पाळीला असला की आजी सोडते, दुपारच्या पाळीच्या आठवड्यात आई धावतपळत येते. सोडायला कोण आले यावरून पाळी ओळखता येत होती, आणि पाळीवरून रांगेत काय होणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येत होता. सकाळच्या पाळीचा आठवडा शांत असे. रात्रपाळीत गुरुवार-शुक्रवारी बिघडे. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात सोमवार सोडला तर रोजच काहीतरी घडे. तीन-चार फेऱ्यांच्या नोंदींवरून ठाम सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण कोठे पाहायचे हे कळायला तेवढे पुरेसे होते.

घरी

घर एका खोलीचे, मागे छोटे स्वयंपाकघर. आई-वडील, आजी, हा मुलगा आणि दीड वर्षाची बहीण. आई सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचे डबे करून देते, त्यामुळे सहा ते नऊ हा तिच्या दिवसाचा सर्वांत धावपळीचा भाग. मुलगा सकाळी काय खातो असे विचारल्यावर उत्तर आले ते चहा आणि खारी, कधी चहा आणि बटर. पोळ्या घरात ढिगाने होत होत्या, पण त्या डब्यांसाठी मोजलेल्या असत.

झोपेचे चित्र पाळीप्रमाणे बदलत होते. रात्रपाळीत वडील दिवसा झोपतात. एका खोलीत मुलांचा आवाज नको म्हणून दुपारी आजी त्याला बाहेर काढते. आजी म्हणाल्या, "दुपारी पोराला झोपवू कुठं? बाप झोपल्याला असतोय. मग मी आपला घेऊन जातो देवळाकडं, पाच वाजंस्तवर." दुपारच्या पाळीत वडील मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतात. त्यांचे म्हणणे होते, "सेकंडला असलो की बारा वाजत्यात. पोरगं जागंच असतंय. आल्यावर जरा खेळतंय माझ्यासंगं, मोबाइल बघतंय, मग झोपतंय. त्याला बी बाप दिसायला पायजे की." सकाळी आठला तर उठावेच लागते. वर उल्लेख केलेल्या सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दुपारची डुलकी धरून 10 ते 13 तास झोप आणि झोपण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळा सांगितल्या आहेत. या मुलाला दुपारच्या पाळीच्या आठवड्यात रात्री सात तासही मिळत नव्हते.

मोबाइलबद्दल मुख्याध्यापिकांचे म्हणणे येथे अर्धे खरे ठरते. मध्यरात्री मोबाइल पाहणे वाईटच, आणि या वयाला बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास, त्याहून कमी तर अधिक चांगले, असे त्याच सूचना सांगतात. परंतु मूल जागे होते ते मोबाइलसाठी नव्हे, वडिलांसाठी. आजकाल मुलाच्या कोणत्याही वागण्याचे खापर मोबाइलवर फोडले की पुढे काही शोधावे लागत नाही, ही सोय फार धोक्याची आहे.

स्वभावाचा भागही नाकारता येत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या वाढीचा दीर्घकाळ मागोवा घेऊन उपजत स्वभावाचे जे नऊ पैलू मांडले, त्यांत भूक-झोपेची नियमितता हा एक आहे आणि बदलाशी जुळवून घेण्याचा वेग हा दुसरा. काही मुले कोठेही, कधीही झोपतात. या घरातली धाकटी बहीण तशीच आहे. हा मुलगा तसा नाही. आजीच्या सांगण्याप्रमाणे तान्हेपणापासून त्याची झोप मोडली की तो दिवसभर किरकिरे. थॉमस आणि चेस यांचा भर स्वभाव चांगला की वाईट यावर नव्हता, तर मुलाचा स्वभाव आणि भोवतालची अपेक्षा यांची जुळणी आहे की नाही यावर होता. दर आठवड्याला बदलणारी पाळी, झोपेला हळवे मूल, एक खोली आणि बारा मिनिटांची रांग यांची जुळणी होणे अवघडच होते.

तपासणी

वर्तनाचे कारण परिस्थितीत सापडत आहे असे वाटत असतानाही शरीराची तपासणी टाळू नये. बालवाडीच्या सूचनेवरून आई-वडिलांनी मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवले. या वयात सर्दी-पडशानंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणे हे बरेचदा आढळते. अशा मुलाला गोंगाटात बोललेले कळत नाही आणि ते 'ऐकत नाही' म्हणून बदनाम होते. या मुलाचे कान स्वच्छ होते. भाषा वयाला साजेशी होती, नजर देणे, दुसऱ्याला बोटाने दाखवणे, खोटा-खोटा स्वयंपाक करणे हे सर्व होते. चंचलतेच्या विकाराचे लेबल लावण्याचे हे वय नाही आणि तशी लक्षणेही नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

रक्तात मात्र हिमोग्लोबिन 10.1 निघाले, या वयासाठी 11 च्या खाली रक्तक्षय धरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील देशातली 67.1 टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली होती, त्यामुळे याचे नवल वाटण्याचे कारण नाही. लोहाच्या कमतरतेने मूल चिडचिडे होते, लवकर थकते, लक्ष टिकत नाही. आणि चहातले टॅनिन अन्नातले लोह नीट शोषू देत नाही. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले आणि सकाळचा चहा बंद करायला सांगितले. आजीला त्यातले औषध पटले, चहा बंद करणे पटले नाही. कपभर चहा घेतल्याशिवाय सकाळ झाली असे त्या घरात कोणी मानतच नव्हते.

केलेले बदल

बालवाडीत पहिल्यांदा रांग मोडली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बादली, तांब्या आणि खाली घमेले अशी हात धुण्याची आणखी एक जागा केली. मावशींची वेळ बदलून साडेदहाला त्या लहान गटात येतील असे ठरवले. सहा-सहा मुले हात धुवायला जात, बाकीची बाईंबरोबर सतरंजीवर हातवाऱ्यांची गाणी म्हणत, आणि कोणता गट आधी जाणार हे रोज बदले. उंचीप्रमाणे रांग बंद झाली. यासाठी खर्च झाला तो बादली आणि तांब्याचा.

खेळ डब्यानंतरचा उचलून आधी आणला. पाऊस असेल तेव्हा सतरंज्या गुंडाळून खोलीतच बेडूकउड्या, आगगाडी, फुगड्या, दोरीवरून चालणे, सुतळीचे भेंडोळे ओढणे असे अंग मोडणारे खेळ घेतले. वहीच्या तासावर मुख्याध्यापिका आणि माझ्यात एकमत झाले नाही. पालक प्रवेश काढून नेतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी तो तास निम्मा झाला आणि उरलेल्या वेळात मणी ओवणे, माती मळणे, चिंचोके मोजणे आले; ज्या बोटांनी पुढे अक्षर काढायचे त्या बोटांची तयारी यातूनच होते, हे पालकसभेत बाईंनी मण्यांची माळ दाखवून सांगितले आणि बऱ्याच जणांना ते पटलेही.

खोलीच्या एका कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, दोन वाकळा टाकल्या. थकलेले कोणीही मूल तेथे जाऊन पडेल, कोणाला पाठवायचे नाही आणि कोणाला उठवायचे नाही, असा नियम केला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत जे चावून मिळत होते ते येथे न चावता मिळू लागले.

चाव्यानंतर काय करायचे याची पद्धत बदलली. आधी ज्याला लागले त्याच्याकडे जायचे, जागा धुवायची, त्याला जवळ घ्यायचे. मग चावणाऱ्याला त्याच्या उंचीला बसून एकच वाक्य: "चावायचं नाही, त्याला दुखलं." व्याख्यान नाही, 'सॉरी' म्हणवून घेणे नाही, वर्गाबाहेर काढणे नाही. आणि शांत वेळी, रोज, वर्गातल्या सर्वांना काही शब्द खेळातून शिकवले: "सरक", "मला लागतंय", "माझी पाळी", "बाई, मला नको." हे शब्द मुलांना येत नव्हते असे नाही, पण राग आलेल्या क्षणी ते तोंडात यायला ते आधी शंभरदा सोपेपणाने वापरलेले असावे लागतात. वर्गातल्या एका मुलीची घरची भाषा कानडी होती. तिने "सरक" हा शब्द इतका उचलला की काही दिवस ती बाईंनाही सरकवत होती.

घरच्या बाबतीत बोलणे जपूनच केले. पाळी बदलून घ्या असे कामगाराला सांगणे सोपे, पण ते त्याच्या हातात नसते. नोंदवही वडिलांना दाखवली, आठवड्यांवर बोट ठेवून. ते बराच वेळ पाहत राहिले. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात मुलाला साडेनऊला झोपवायचे आणि मध्यरात्रीचा खेळ सकाळी घ्यायचा, ही कल्पना त्यांनीच काढली: त्या आठवड्यात ते दुपारपर्यंत घरीच असतात, तेव्हा सोडायला आईऐवजी तेच येतील, चालत, वाटेत रेंगाळत. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी मुलाला शेजारच्या मामींकडे झोपवायचे आजीने जमवले. सकाळच्या डब्यांतल्या दोन पोळ्या आता त्याच्या नावाने बाजूला निघतात, तुपाबरोबर किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. चहा पूर्ण बंद झालेला नाही. तो दुपारवर गेला आहे.

पुढे काय झाले

रांग मोडल्यानंतर दुसऱ्या आठवड्यापासून चावे झपाट्याने कमी झाले. घरातले बदल त्याच्या बरेच नंतर स्थिरावले आणि लोहाच्या औषधाचा परिणाम दिसायलाही काही आठवडे लागतात, त्यामुळे या पहिल्या घटीचे श्रेय रांगेला द्यावे लागते. वाकळेवर तो सुरुवातीला रोज जात असे, नोव्हेंबरनंतर क्वचित. तेथे सर्वांत जास्त पडून राहणारे मूल हा मुलगा नव्हताच. ती एक मुलगी होती, वर्षभर कोणाच्याही नजरेत न भरलेली, कधीही न चावलेली आणि कधीही न रडलेली.

याच काळात बाईंनी स्वतःहून वहीत दुसऱ्या मुलांच्याही घटना लिहायला सुरुवात केली होती. जुन्या रांगेत ढकलाढकली, शर्ट ओढणे, पाणी उडवणे, रडणे हे सर्वांचेच चाललेले असे, पण चावा ठळक दिसतो, त्याचा वळ उमटतो, फोटो निघतो, म्हणून नोंद एकाचीच झाली. बदलांनंतर सगळ्या वर्गाची ढकलाढकली कमी झाली. जी व्यवस्था 24 मुलांना जड जात होती, ती थकलेल्या, उपाशी आणि झोपेला हळव्या मुलाला सर्वांत आधी असह्य झाली, असे या प्रकरणाचे वाचन मी करते. मुलात दोष नव्हता एवढे म्हणून थांबणे अपुरे आहे; त्याच्या अंगी असलेल्या काही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यांचे वर्तनात रूपांतर त्या व्हरांड्यात होत होते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात त्याने पुन्हा दोघांना चावे घेतले. बाई रजेवर असताना बदली आलेल्या बाईंनी सोयीसाठी जुनी रांग लावली, आणि तेव्हाही तसेच झाले. तक्रार करणाऱ्यांपैकी एका कुटुंबाने मुलीला दुसऱ्या शाळेत घातले; त्यांच्या मुलीच्या हातावर वळ होते आणि बालवाडीने आधी दोन महिने काहीच केले नव्हते, त्यामुळे त्यांचा राग समजण्याजोगा होता. दुसऱ्या कुटुंबाची आई मात्र पालकसभेत वेळापत्रकातील बदल ऐकून घेऊन म्हणाली की तिचा मुलगाही आता घरी आल्या आल्या आदळआपट करत नाही.

जानेवारीत गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या. मोठ्या गटाची तालीम होईपर्यंत लहान गटाला हॉलच्या कडेला बसून राहावे लागे, स्पीकर मोठ्याने चालू. तिसऱ्या दिवशी चावा घेतला तो दुसऱ्याच मुलाने. बाईंनी त्याच दिवशी तालमी गटागटाने आणि दहा-दहा मिनिटांच्या करून घेतल्या, मुख्याध्यापिकांना न विचारता, आणि मग विचारले.

एप्रिलमध्ये मोठ्या गटाच्या बाईंकडे जी चिठ्ठी गेली ती बाईंनी आणि मावशींनी मिळून लिहिली होती. 'चावतो' हा शब्द तिच्यात नाही. तिच्यात लिहिले आहे: झोप मोडली की लवकर थकतो, रांगेत शेवटी उभे करू नये, सोडायला कोण आले ते रोज पाहावे, हिमोग्लोबिन जूनमध्ये पुन्हा तपासायचे आहे, ठोकळ्यांचे उंच मनोरे रचतो आणि ते कोणी पाडले तर आता "मला नको" म्हणतो, तेव्हा लगेच लक्ष द्यावे, कारण त्याने तोंडाने सांगितलेले ऐकले गेले नाही तर तो पुन्हा दातांनी सांगेल. खाली मावशींच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: मोठ्या गटाच्या व्हरांड्यातपण नळ एकच आहे, बादली आधीच ठेवावी.